११८४ कोणाचा?

"मॅडम, मी अजून एकही ड्रॉइंग केलेलं नाही आणि मशीन म्हणतंय, तुमचा कोटा भरला."

२००५ चा एप्रिल. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तिचं डिझाइन डिपार्टमेंट, आणि सिस्टीम ॲडमिन म्हणून लागून जेमतेम दहा महिने झालेली मी. समोरचा ट्रेनी सोमवारी रुजू झाला होता आणि त्या दिवशी गुरुवार होता. चार दिवसांत कोणी डिस्कवरच्या जागेचा कोटा भरू शकत नाही. मी त्याच्या होम फोल्डरमध्ये पाहिलं, तर तीन बारक्या फाइल्स. मग प्रोजेक्टच्या सर्व्हरवर त्याच्या नावाने शोध घेतला आणि हातपाय गार पडले. गिअरबॉक्स हाउसिंगची अख्खी फोल्डर्स, दीड वर्षांची ड्रॉइंग्ज, सगळ्यांवर मालक म्हणून ह्या चार दिवसांच्या मुलाचं नाव.

"त्यातल्या काही मी उडवल्या," तो म्हणाला. "माझ्या नावावर होत्या, पण ओळखीच्या वाटेनात. म्हटलं, चुकून आल्या असतील."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक पाच आठवडे आधी झाली होती आणि ती माझी होती.

त्याच डिपार्टमेंटमधल्या एका मुलीचं मार्चमध्ये लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं, आणि नाव काय ठेवलं म्हणून आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. रजा संपवून ती परत आली त्या दिवशी एचआरची मेल आली: नाव आणि आडनाव दोन्ही बदललं आहे, लॉगिन बदलून द्यावं. मी काय केलं? जुनं लॉगिन काढून टाकलं आणि नव्या नावाने नवं बनवलं. तिच्या होम फोल्डरची मालकी नव्या लॉगिनवर केली, तिला बसवून पासवर्ड टाकायला लावला, मेल उघडून दाखवली. काम झालं, असं मला वाटलं.

ज्यांचा ह्या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. युनिक्सला माणसाचं नाव कळत नाही. त्याला कळतो तो नंबर, ज्याला आम्ही यूआयडी म्हणतो. डिस्कवर फाइल लिहिली जाते तेव्हा मालकाच्या जागी नंबर लिहिला जातो. तुम्ही फाइल्सची यादी मागता तेव्हा तो नंबर घेऊन मशीन एका तक्त्यात बघतं, ह्या नंबराचं नाव काय, आणि सापडलेलं नाव तुमच्यासाठी छापतं. तक्त्यात नंबर सापडला नाही तर नंबरच छापतं. नाव हे माणसाच्या सोयीसाठी. व्यवहार सगळा नंबरावर.

त्या मुलीचा नंबर होता ११८४. मी नवं लॉगिन बनवताना तिला दिला १२३१. होम फोल्डर मी बदललं, पण प्रोजेक्टचा सर्व्हर वेगळा होता, तिथल्या फाइल्सवर ११८४ तसाच राहिला. पाच आठवडे त्या यादीत नावाच्या जागी उघडा आकडा दिसत होता आणि कोणी विचारलं नाही, कारण फोल्डर ग्रुपला खुलं असल्यामुळे कामं चालू होती. आणि आमच्याकडे नंबर वाटायची पद्धत काय? एक्सेलची एक शीट. माणूस गेला की त्याची ओळ पुसायची, नवा आला की मोकळा नंबर द्यायचा. ट्रेनी आला, मोकळा होता ११८४, तो त्याला मिळाला. त्या क्षणापासून दीड वर्षांच्या फाइल्स त्याच्या झाल्या. फाइल्स जिथल्या तिथे होत्या, कोणी त्यांना हातही लावला नव्हता. फक्त "११८४ कोणाचा?" ह्या प्रश्नाचं उत्तर बदललं होतं.

रात्रीच्या बॅकअपची टेप होती म्हणून उडालेल्या फाइल्स परत मिळाल्या. त्या दिवशी सकाळी केलेलं काम मात्र गेलं. ते त्या मुलीने रात्री साडेनऊपर्यंत थांबून पुन्हा केलं. मला एक शब्द बोलली नाही. उलट जाताना म्हणाली, "अगं, आता माझं नाव तरी बरोबर लागलंय ना सगळीकडे?" हे वाक्य मी विसरलेले नाही.

नेमिंग सर्व्हिस हा विषय मी तेव्हापासून मनावर घेतला. कंपनीच्या नेटवर्कमध्ये तीनच गोष्टी सारख्या विचारल्या जातात: हा माणूस कोण, ते मशीन कुठे, ती वस्तू (फोल्डर असो, प्रिंटर असो) कोणाकडे. उत्तर बरोबर आलं तर कोणाला पत्ता लागत नाही. चुकीचं आलं तर बाकी सगळं ठणठणीत असूनही काम बंद पडतं.

आमच्याकडे तेव्हा साठेक सन वर्कस्टेशन्स होती आणि हळूहळू लिनक्स येत होतं. प्रत्येक मशीनवर नावांचा तक्ता वेगळा ठेवला तर साठ ठिकाणी पासवर्ड बदलावा लागेल, म्हणून एक सामायिक तक्ता होता, एनआयएस. हे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात आणलं तेव्हा त्याचं नाव होतं यलो पेजेस. ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं ट्रेडमार्क निघालं, म्हणून बदलून नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस केलं. पण आतल्या सगळ्या कमांड 'वायपी'नेच सुरू होत राहिल्या: वायपीबाइंड, वायपीमॅच, वायपीकॅट. नाव वरून बदललं, आत माहेरचंच राहिलं. कोणी शहाण्याने तेव्हा ठरवलं असणार की ह्या कमांडवर जगभरच्या लोकांच्या स्क्रिप्ट चालतात, त्यांना धक्का लावायचा नाही. नाव बदलण्याची योग्य रीत तीच होती आणि मला ती दहा महिने रोज डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

एनआयएसची एक भीती मात्र होती. कोणीही साध्या लॉगिनने वायपीकॅट चालवून पासवर्डचा तक्ता मागवला की सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची गुंतवून साठवलेली रूपं) स्क्रीनवर यायचे. जुन्या पद्धतीच्या हॅशमध्ये पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जात. मी एकदा कायदेशीर परवानगी घेऊन ते हॅश तपासायला लावले आणि जेवणाच्या सुट्टीतच इतके पासवर्ड उघडे पडले, की कागद सरांच्या हातात देऊन लगेच फाडून टाकला. त्यातल्या कितीतरी जणांनी पासवर्ड म्हणून मुलांची नावं ठेवली होती.

आठ अक्षरांची ती मर्यादा लॉगिनलाही होती. आद्याक्षर आणि आडनाव, असा नियम. देशपांडे इंग्रजीत लिहायला नऊ अक्षरं लागतात, त्यात आद्याक्षर एक, म्हणजे शेवटचं 'डे' गळायचं आणि माणूस 'एसदेशपान' व्हायचा. कुलकर्णी बरोबर आठ अक्षरांत बसतो, पण पुढे आद्याक्षर लागलं की 'णी'तली वेलांटी जाते. आणि पुण्यातली कंपनी, त्यामुळे 'एस' ने सुरू होणारे कुलकर्णी चार. पहिल्याला नाव मिळालं, बाकीच्यांना मागे एक-दोन-तीन. तिसऱ्या कुलकर्णींची मेल पहिल्यांकडे जायची, त्यात एकदा पगाराची स्लिप गेली. लोकांना ह्याचं किती वाईट वाटतं हे आपल्या लक्षात येत नाही. आपलं नाव नीट लिहिलं जावं एवढीच अपेक्षा असते.

मशीनना मात्र फार सुंदर नावं होती. वर्कस्टेशन्स किल्ल्यांच्या नावांची: तोरणा, राजगड, रायगड, पुरंदर, शिवनेरी. फाइल सर्व्हर नद्यांचे. "माझं राजगड सकाळपासून हँग आहे" असं फोनवर ऐकलं की नवीन माणूस दचकायचा. अडचण फक्त सिंहगडची. अर्धे लोक इंग्रजीत 'एच' नंतर 'ए' लिहीत, अर्धे लिहीत नसत, आणि ज्याला सापडत नसे तो "सर्व्हर डाउन" म्हणून फोन करी. शेवटी मी डीएनएसमध्ये, म्हणजे मशीनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, दोन्ही स्पेलिंग टाकली, एक खरं नाव आणि एक उपनाव. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग एकच असतं असं गृहीत धरणारी प्रत्येक यंत्रणा आपल्याकडे कधी ना कधी अडखळते. दीपालीला विचारा, किंवा चौधरींना.

मशीनची नावं म्हटली की मूळची गोष्ट सांगायला हवी. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या मशीन्सची नावं आणि पत्ते एकाच टेक्स्ट फाइलमध्ये होते. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं माहिती केंद्र सांभाळायचं आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं मशीन जोडायचं तर त्यांच्याकडे कळवायचं, त्या फाइलमध्ये चढवणार, मग बाकीच्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. नेटवर्क वाढलं तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, १९८७ मध्ये ती सुधारून पक्की झाली आणि मुळात आजही तीच चालते: यादी एकाच ठिकाणी ठेवायची नाही, प्रत्येकाने आपापल्या हद्दीतल्या नावांचं उत्तर द्यायचं. ती जुनी फाइल मात्र मेलेली नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येक मशीनमध्ये होस्ट्स नावाची फाइल अजून आहे आणि बहुतेक ठिकाणी डीएनएसच्या आधी तीच विचारली जाते.

आधी कोणाला विचारायचं, हा क्रम युनिक्स-लिनक्समध्ये एनएसस्विच नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. मशीनच्या नावासाठी आधी स्थानिक फाइल, मग डीएनएस. माणसाच्या नावासाठी आधी स्थानिक फाइल, मग एनआयएस किंवा एलडॅप (तसाच सामायिक तक्ता, नव्या पद्धतीचा). ह्या दोन ओळी मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी वाचायला लावते. कोणीतरी चार वर्षांपूर्वी 'तात्पुरतं' म्हणून होस्ट्स फाइलमध्ये एक पत्ता लिहून ठेवतं, सर्व्हर हलतो, डीएनएस बदलतं, सगळे नव्या जागी जातात आणि ते एकच मशीन जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतं. अशा एका ओळीपायी मी एक पूर्ण शनिवार घालवला आहे. म्हणून मी तपासताना थेट डीएनएसला विचारणाऱ्या कमांडवर विसंबत नाही. ती होस्ट्स फाइल बघतच नाही. गेटेंट नावाची कमांड वापरते, ती एनएसस्विचच्या क्रमाने जाते आणि प्रोग्रामला जे उत्तर मिळणार तेच मला दाखवते.

एक सोमवार असाच लक्षात राहिलाय. २००९ असेल. सगळ्या मजल्यांवरून एकच तक्रार, नेटवर्क स्लो आहे. लॉगिनला वेळ, फोल्डर उघडायला वेळ, पण एकदा उघडलं की झरझर. नेटवर्कवाले केबल आणि स्विच तपासत होते, त्यांना काही सापडत नव्हतं. मी एका मशीनवर बसून नुसतं नाव शोधायला किती वेळ लागतो ते मोजलं. पाच सेकंद. दुसऱ्या मशीनवर पाच सेकंद. तिसऱ्यावर पुन्हा पाच, वर थोडे मिलिसेकंद. खरोखरचा संथपणा असा मोजून-मापून येत नाही. कधी दोन, कधी सात, कधी चार असं व्हायला हवं. दर वेळी नेमके पाच येतात ह्याचा अर्थ कोणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. लिनक्समध्ये डीएनएस सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याची ठरलेली मुदत पाच सेकंदच असते, त्यानंतर तो यादीतल्या दुसऱ्याला विचारतो. शनिवारी एक जुना सर्व्हर बंद केला होता आणि सगळ्या मशीनच्या यादीत पहिला पत्ता त्याचा होता. प्रत्येक जण आधी नसलेल्या माणसाला हाक मारत होता, पाच सेकंद थांबत होता, मग शेजारच्याला विचारत होता. जुना पत्ता दुसऱ्या सर्व्हरला देऊन टाकला आणि दहा मिनिटांत तक्रारी थांबल्या.

त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. ह्या कामात शाबासकी क्वचित मिळते, पण एका आकड्यावरून दोष हाती लागतो तेव्हा वाटतं, आपण बरोबर जागी आहोत.

पुढे कंपनी बदलली, विंडोज आलं, त्याची नावांची यंत्रणा ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. तिथे माणसं, मशीन्स आणि ग्रुप एकाच झाडावर, नावाचा शोध डीएनएसमधून आणि ओळख पटवणं कर्बेरोसकडून. डोमेनमधला लॅपटॉप सकाळी उठला की आधी डीएनएसलाच विचारतो, माझ्या डोमेनचा सर्व्हर कोण. म्हणून घरच्या वायफायसाठी कोणी लॅपटॉपवर गूगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ कायमचा टाकून ठेवला, की ऑफिसात तो लॅपटॉप पोरका होतो. इंटरनेट चालतं आणि कंपनीतलं काही सापडत नाही. कर्बेरोसला तर वेळही अचूक लागते: घड्याळं पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकली की तो ओळख देत नाही. मदरबोर्डचा सेल संपलेलं मशीन "पासवर्ड चुकीचा" म्हणून माझ्याकडे आलं, की मी पासवर्डच्या आधी घड्याळ बघते.

आणि नंबराचं काय? तो इथेही आहे, फक्त लांबलचक. त्याला एसआयडी म्हणतात. एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: अकाउंट काढून टाकून त्याच नावाने पुन्हा बनवलं तरी एसआयडी नवाच मिळतो, जुना दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. माझ्या एक्सेल शीटमध्ये जे नव्हतं ते इथे मुळातच होतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. "ते सर परत जॉइन होतायत, त्यांचं पूर्वीचंच लॉगिन बनवून द्या," असा निरोप येतो. पूर्वीचंच नाव देता येतं, पूर्वीचा माणूस देता येत नाही. फोल्डरच्या परवानग्यांमध्ये त्यांच्या नावाऐवजी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसत राहते. म्हणून मी सोडून गेलेल्यांची अकाउंट बंद करते, काढून टाकत नाही. ऑडिटवाले दर वर्षी विचारतात, मी दर वर्षी समजावून सांगते.

युनिक्सच्या फाइल सर्व्हरवर एनएफएसची (नेटवर्कवरून फाइल्स वाटण्याच्या पद्धतीची) चौथी आवृत्ती आणली तेव्हा पुन्हा एक धडा मिळाला. जुनी आवृत्ती मालक म्हणून नुसता नंबर पाठवायची. नवी माणसाचं नाव आणि त्यापुढे डोमेन, असं पाठवते. दोन बाजूंच्या सेटिंगमध्ये डोमेनचं नाव जुळलं नाही, की ओळख लागत नाही आणि सगळ्या फाइल्सचा मालक दिसतो 'नोबडी'. डिझाइनमधल्या एका काकांनी, तीस वर्षं नोकरी झालेल्या, मला बोलावून स्क्रीन दाखवली. "बघा, इतकी वर्षं काम केलं आणि ही सगळी ड्रॉइंग्ज कोणाचीच नाहीत म्हणतंय." ते चिडले नव्हते, दुखावले होते. मी तिथेच उभ्याउभ्या एक ओळ दुरुस्त केली आणि त्यांचं नाव परत आल्यावरच जागेवर गेले.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एचआरची मेल आली. ॲनालिसिस टीममधल्या एका मुलीला पूर्वीचं, माहेरचं नाव परत हवं होतं. कारण मेलमध्ये नव्हतं आणि विचारण्याचा प्रश्न नव्हता. मी तिला विचारलं, कधी करू? ती म्हणाली, "मॅडम, शुक्रवारी संध्याकाळी करा. सोमवारी सगळ्यांना नवंच दिसू दे."

शुक्रवारी मी डिरेक्टरीत लॉगिनचं नाव बदललं, दाखवायचं नाव बदललं, मेलचा नवा पत्ता मुख्य केला आणि जुना उपनाव म्हणून ठेवला, म्हणजे बाहेरच्या कोणाची मेल परत जाणार नाही. लिनक्स सर्व्हरवर होम फोल्डरचं नाव लॉगिनवरून ठरतं, ते हलवलं नाही तर सोमवारी तिला रिकामं नवं फोल्डर मिळालं असतं. ते हलवलं. लिनक्सच्या एसएसएसडीमध्ये (डिरेक्टरीतली उत्तरं जवळ साठवून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुनं नाव दीड तास साठून राहतं, प्रत्येक सर्व्हरवर जाऊन ते पुसलं. एका लायसन्स फाइलमध्ये आणि दोन स्क्रिप्टमध्ये जुनं लॉगिन हाताने लिहिलेलं सापडलं. नंबराला हात लावला नाही. प्रोजेक्टच्या सर्व्हरवर शोध चालवून बघितलं: तिच्या नंबराच्या सगळ्या फाइल्स, एकही कमी नाही, एकही दुसऱ्याची नाही.

सोमवारी नऊला मी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिने लॉगिन केलं, टर्मिनल उघडलं आणि मी न सांगता 'आयडी', म्हणजे आपलं नाव आणि नंबर दाखवणारी कमांड, टाइप करून एंटर दाबलं. एक ओळ आली. तिने ती वाचली, थोडा वेळ बघत राहिली, मग शुक्रवारी अर्धवट सोडलेला रन उघडला आणि म्हणाली, "मॅडम, हा रात्रभर चालू होता का? संपलाय."